तीन घरांची एक विहीर आणि मोबाईल स्टार्टर

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या आसपासच्या एका गावातलं. गावाचं, माणसांचं आणि यंत्र बनवणाऱ्या कारखान्याचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कारखाना लहान, सांगली-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला. त्याचा मोबाईल स्टार्टर, म्हणजे विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद करणारं यंत्र, विकला जात होता, पण बसवल्यावर काही महिन्यांत लोक त्याचा वापर सोडून देत होते. असं का होतं ते पाहून रचनेत बदल सुचवायचं काम माझ्याकडे होतं.

शेतीपंपाला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि तीही आठेक तास. रात्रपाळी असली की लाईट आल्यावर उठायचं, बॅटरी घ्यायची, विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. मध्येच लाईट गेली, परत आली, की परत जायचं. उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती, माळावर साप-विंचवाची. ज्याने थंडीत ही पायपीट कधी केली नाही, त्याला मोबाईल स्टार्टर चैनीची वस्तू वाटण्याची शक्यता आहे.

यावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे ‘ऑटो’. स्टार्टरला एक छोटी जोडणी केली की लाईट आल्या आल्या मोटर आपोआप उठते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं की ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा. कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की डीपीवर एकदम भार येतो, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळतो आणि तो बदलून येईपर्यंत सगळ्यांचंच पाणी बंद. शेतकऱ्याला हे पुरतं माहीत असतं. तरी ऑटो निघत नाही, कारण आपण एकट्याने काढल्यावर डीपी वाचत नाही, फक्त आपली झोप जाते.

मोबाईल स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं. घरबसल्या फोन करायचा, मोटर चालू किंवा बंद. तिन्ही फेज नसले किंवा मोटर कोरडी चालली तर यंत्र ती स्वतःच बंद करतं. कागदावर पाहिलं तर नाकारण्यासारखं काहीच नाही.

कारखान्याचे मालक पहिल्याच भेटीत किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट सांगायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, ती इथून काही लांब नाही. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना, लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत होती. मालकांचं तात्पर्य असं, की लोक नव्याला बिचकतात, थोडा काळ जाऊ द्या. आमच्या भागातल्या प्रत्येक विक्रेत्याला ही गोष्ट पाठ आहे, आणि बहुतेक वेळा ती आपल्या मालातला दोष झाकायला वापरली जाते. इथे तर ती लागूच नव्हती. या लोकांनी बिचकून यंत्र नाकारलं नव्हतं. पदरचे पैसे घालून घेतलं होतं, वापरलं होतं, आणि मग सोडलं होतं.

अडचण

ज्या विहिरीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, ती तीन चुलत घरांची सामाईक. ५ एचपीची एक मोटर, एक स्टार्टर. थोरल्या घरचे तात्या गावातच असतात, सत्तरीच्या आसपासचे, हातात बटणाचा फोन. मधल्या घरचे आण्णा गलाईच्या धंद्यात केरळात, त्यांची द्राक्षबाग वाटेकरी बघतो. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, त्यामुळे गावातली विहीर आणि परमुलखातला मालक ही इथली नेहमीची स्थिती. धाकट्या घरात वहिनी, नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत, थोडा ऊस आणि थोडी बाग. पाण्याची पाळी दोन-दोन दिवसांची. सातवा दिवस ज्याला नड असेल त्याचा, म्हणजे बऱ्याचदा भांडणाचा.

यंत्र आण्णांनी घेतलं होतं, केरळातून मोटर चालवता येईल म्हणून. ते मिस्ड कॉलवर चालायचं. एक मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, पुढचा दिला की बंद. इंजिनिअरच्या टेबलावर ही रचना सुटसुटीत वाटते: एकच कृती, शिकायला काही नाही, खर्च शून्य. एक माणूस आणि एक मोटर असेल तर चालतेही. इथे आण्णांनी रात्री केरळातून कॉल दिला, मोटर चालू झाली. त्यांच्या वाटेकऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानेही मोटर चालू करायला कॉल दिला आणि ती बंद पडली. बाग मणी फुगवणीच्या टप्प्यावर होती, ठिबकमधून विद्राव्य खत सोडायचं होतं. सकाळी खत टाकीत तसंच, आणि दोन फोनवर दोन माणसं ‘मीच चालू केली होती’ म्हणून शपथेवर सांगणारी. आण्णांचा संशय तात्यांवर गेला. तात्यांनी त्यानंतर यंत्राचं नाव टाकलं.

तात्यांचं मूळ दुखणं मात्र वेगळं होतं. त्यांनी ते बांधावर बसून सांगितलं:

“हे डबडं फोन घेतंय, म्हणजे मोटर चालू झाली म्हणायची. झाली का न्हाई कुणाला म्हाईत? झाली तर पाणी पडतंय का? शेवटी बघायला मलाच जावं लागतंय न्हवं? मग फोन कशाला करू, जाऊनच बटण दाबतो की.”

मला वाटतं या प्रकरणाचा गाभा या पाच वाक्यांत आला. विहिरीवरची खेप बटण दाबण्यासाठी नसतेच मुळी, ती खात्री करण्यासाठी असते. मोटर चालू असून पाणी न येण्याची कारणं शेतकऱ्याला तोंडपाठ असतात: फूटव्हॉल्व्ह गळतोय, पाइपात हवा धरलीय, पाणी खाली गेलंय. यंत्राने हुकूम द्यायची सोय केली, आणि ज्यासाठी माणूस रात्रीचा उठत होता ती गोष्ट तशीच ठेवली.

आणखी दोन अडचणी होत्या. सिमकार्डाचं रिचार्ज हा तिघांचा सामाईक खर्च, म्हणून तो कोणाचाच नाही. पूर्वी येणारे कॉल आयुष्यभर फुकट असत. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज सक्तीचं केलं, आणि असे कितीतरी स्टार्टर एका रात्रीत मुके झाले. ही विहीर त्यातलीच. दुसरी अडचण वायरमनने दाखवली. यंत्र बंद पडलं तर हाताने मोटर चालू करायची कळ पेटीच्या आत होती, चार स्क्रू काढल्यावर दिसणारी. साहजिकच वायरमनने एके दिवशी यंत्राच्या वायरी सोडवल्या आणि मोटर थेट जुन्या स्टार्टरवर घेतली. पेटी भिंतीला तशीच लटकत राहिली.

समोरचे पर्याय

मालकांचा कल प्रशिक्षणाकडे होता: मराठीत पुस्तिका काढू, गावोगाव प्रात्यक्षिक घेऊ. खर्च कमी आणि यंत्राला हात लावायला नको. पण वापरायचं कसं हे लोकांना येतच होतं. मिस्ड कॉल द्यायला कोणाला शिकवायचं?

दुसरा पर्याय ॲपचा. ते अर्धंअधिक तयार होतं. व्होल्टेज, अॅम्पिअर, आलेख, सगळं रंगीत. आण्णांना ते आवडलं. तात्यांच्या फोनवर ते चालणारच नव्हतं, आणि वहिनींकडचा स्मार्टफोन बहुतेक वेळ मुलांच्या हातात. ॲपवर सगळी मदार ठेवली असती, तर तीन घरांपैकी जे घर विहिरीपासून सगळ्यात लांब त्याच्याच हातात मोटर गेली असती. घराघरातलं बळ यंत्रामुळे असं सरकतं, हे विकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

तिसरा पर्याय वायरमनचा, सरळ आणि धंद्याला मारक: “साधा ऑटो बसवा आणि त्यात वेळेचा फरक ठेवा.” म्हणजे लाईट आल्यावर प्रत्येक मोटर वेगवेगळ्या अंतराने उठेल. डीपीच्या दृष्टीने हे शहाणपणाचं होतं. पण पाळी ज्याची नाही त्याचंही पाणी रात्रभर वाहत राहिलं असतं.

दिवसा वीज मिळू लागली तर हे सगळं कशाला, असंही एकाने विचारलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला तो त्याचसाठी. प्रश्न रास्त होता. पण दिवसाही मोटरीजवळ कोणी बसून राहत नाही, आणि आण्णा दिवसाही केरळातच असतात.

शेवटी यंत्राचा गाभा तोच ठेवून माणसाशी होणारा त्याचा व्यवहार बदलायचा, असं ठरलं. वायरमनची वेळेच्या फरकाची सूचना त्यात घेतली. लाईट गेली आणि पाळीवाल्याची मोटर तोवर चालू होती, तर लाईट परतल्यावर यंत्र काही मिनिटं थांबून ती उठवतं, आणि हे थांबणं प्रत्येक पेटीत वेगळं असतं.

काय केलं, आणि कुठे अडलो

मिस्ड कॉल काढला. आता यंत्र फोन उचलतं आणि बोलतं. सुरुवातीच्या मसुद्यात आधी स्वागत, मग ‘चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा’, आणि मोटरीची स्थिती तिसऱ्या क्रमांकावर होती. तात्या एवढं ऐकायला थांबायचे नाहीत. क्रम उलटा केला. फोन लागताच पहिलं वाक्य: “मोटर बंद आहे. लाईट आहे, तिन्ही फेज आहेत.” एवढं ऐकून फोन ठेवला तरी काम झालं. एक म्हणजे चालूच आणि दोन म्हणजे बंदच. चालू मोटरीवर कोणी परत एक दाबला तर ती चालूच राहते, आणि “मोटर आधीच चालू आहे, मधल्या घराने केली” असं ऐकू येतं. वाटेकऱ्याचा आणि आण्णांचा तंटा या एका वाक्याने संपला असता.

सगळ्यात जास्त खल झाला तो पाण्याबद्दल यंत्राने काय बोलावं यावर. पेटीतून पाणी दिसत नाही, दिसतो तो करंट. ५ एचपीची मोटर पाणी उचलत असताना साधारण ७ ते ८ अॅम्पिअर घेते, कोरडी चालली की तो बराच खाली येतो. तेव्हा करंट पाहून ‘पाणी पडतंय’ म्हणायला काय हरकत आहे, असं कारखान्यातल्यांचं म्हणणं. ग्राहकाला तेच ऐकायचं आहे. पण पुढे कुठे पाइप फुटला, तर मोटरीला वर ढकलायची उंची कमी होते, ती उलट जास्त पाणी फेकते आणि करंट वाढतो. यंत्र खुशाल ‘पाणी पडतंय’ म्हणत राहिलं असतं आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं असतं. एकदा असं झालं की पुढची सगळी खरी वाक्यंही वाया. पाइपावर पाणी मोजणारं मीटर बसवायचा विचार झाला. किंमत वाढत होती आणि गाळाने ते अडकायची भीती होती. शेवटी यंत्राला जेवढं कळतं तेवढंच बोलायचं ठरलं: “मोटर पाणी उचलतेय.” करंट नेहमीपेक्षा वाढला तर पुढे, “लोड जास्त आहे, पाइप बघून घ्या.” तात्यांनी हे दोन-चार वेळा विहिरीवर उभं राहून ताडून पाहिलं. एकदा मुद्दाम व्हॉल्व्ह बंद करून यंत्र काय म्हणतं तेही ऐकलं. ते लोड कमी आहे म्हणालं. त्यानंतर ते घरून फोन करू लागले.

जुना स्टार्टर आणि त्याची हिरवी-लाल बटणं होती तिथेच ठेवली. पेटीच्या बाहेर एक मोठी फिरती कळ दिली, एका बाजूला ‘मोबाईल’, दुसऱ्या बाजूला ‘हात’. यंत्र मेलं तरी पाणी थांबणार नाही, हे खरेदीच्या वेळीच डोळ्यांना दिसावं म्हणून. वायरमनने त्यात भर घातली की कळ ‘हात’वर असताना कुलूप लावता आलं पाहिजे. कोणी मोटरीवर काम करत असताना केरळातून मोटर चालू झाली तर माणूस जाईल. ही सूचना खरं तर पहिल्या नमुन्याच्या आधी यायला हवी होती.

पाळीचा प्रश्न उरला. पाळी यंत्रातच भरून टाकू, ज्याचा दिवस नाही त्याचा फोन यंत्राने नाकारावा, ही कल्पना तात्यांना एकदम पसंत पडली. कारखान्यालाही, कारण जाहिरातीत छान दिसते. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या:

“तात्या, मागल्या महिन्यात पोराला दवाखान्यात न्यायचं होतं तवा मी माझा दिवस तुम्हांस्नी दिला, न्हवं का? ह्यानं नाकारलं असतं तर उसना दिवस द्यायचा कसा?”

पाळी ही देण्याघेण्यावर चालते. तिच्यात सणवार, आजारपण, पाहुणे, उसनवारी सगळं येतं, आणि यंत्राला त्यातलं वारांपलीकडे काही समजत नाही. म्हणून कुलूप न घालता फक्त पुकारा करायचा असं ठरलं: कोणी चालू केली, कधी केली, हे फोन करणाऱ्या प्रत्येकाला ऐकू येईल. अडवणूक यंत्र करणार नाही, ते माणसांचं माणसं बघतील.

कोणकोणत्या नंबरवरून आलेला फोन यंत्राने मानायचा, यावरून वेगळाच घोळ निघाला. कारखान्याच्या फॉर्मवर ‘मालकाचा मोबाईल नंबर’ अशी एकच ओळ होती. तीन घरांच्या विहिरीला मालक कोण? आण्णांनी पैसे दिले म्हणून त्यांचा नंबर, त्यांच्या सांगण्यावरून तात्यांचा आणि वाटेकऱ्याचा. वहिनींना मोटर चालू करायची तर तात्यांच्या मुलाला सांगावं लागे, आणि रात्री अकराला पुतण्याला उठवणं कोणालाही जड जातं. नव्या रचनेत मुख्य नंबर असा नाहीच. तात्यांची धास्ती अशी, की उद्या कोणीही आपला नंबर घुसवेल. तेव्हा नंबर घालायचं बटण पेटीच्या आत ठेवलं, पेटीला कुलूप, आणि किल्ली तिन्ही घरांत एकेक. नवा नंबर पडला की बाकीच्यांना फोन जातो. सामाईक कोठाराचा जो रिवाज, तोच.

रिचार्जसाठी वर्षाची रक्कम यंत्राच्या किमतीतच घेतली आणि मुदत संपायच्या आधी तिन्ही घरांना आठवणीचा फोन. साध्या २जी भागाऐवजी ४जी भाग घातला, कारण एका मोठ्या कंपनीचं जाळं २जीवर चालतच नाही आणि माळावर तिचीच रेंज बरी. यंत्र त्यामुळे महागलं.

निष्पत्ती

या विहिरीवर यंत्र हिवाळ्यातल्या रात्रपाळ्यांत टिकलं आणि उन्हाळ्यातही. वहिनी आता कोणाला न विचारता मोटर चालू करतात. तात्या मोटर चालू करण्यापेक्षा नुसती चौकशी करायलाच जास्त फोन करतात, आपली पाळी नसतानाही. आण्णांनी केरळातून मोटर चालवणं जवळजवळ सोडून दिलं, ते वाटेकऱ्याने केली का एवढंच ऐकतात. ज्याच्यासाठी यंत्र विकत आणलं तो वापर मागे पडला आणि दुसराच पुढे आला.

सगळीकडे असं झालं नाही. ओढ्याकाठच्या एका विहिरीवर रेंजच नाही, तिथून पेटी परत आली. आणखी एका ठिकाणी यंत्र दोन फेजवर मोटर चालू देत नाही म्हणून वायरमनकरवी ते बाजूला काढलं गेलं. सिंगल फेजच्या वेळात जुगाड करून मोटर चालवायची तिथे सवय आहे. मोटर जळेल हे सांगून उपयोग झाला नाही, कारण रिवायंडिंगचा खर्च नंतरचा आणि पाणी आत्ताचं. वाढलेल्या किमतीवर कारखान्याचे मालक अजून कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर अगदीच बिनबुडाची नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी पावसाळ्यात सुरू झाली. तेव्हा विहिरी भरलेल्या, मोटरी बंद, आणि यंत्राबद्दल सगळे गोड बोलत होते. खरी परीक्षा रात्रपाळीच्या थंडीत आणि एप्रिल-मेच्या वळवात. पहिल्याच वळवात विजेच्या कडकडाटाने पेटीतली काही सर्किट कार्डं गेली आणि अर्थिंग नीट नसल्याचं तेव्हा लक्षात आलं. बसवण्याच्या मजुरीत अर्थिंगचा खड्डा धरलाच नव्हता.

वायरमन आणि रिवायंडिंगच्या दुकानदाराला फार उशिरा विचारलं. यंत्र राहणार की वायरी सुटणार, हे त्यांच्या हातात असतं. बिघाड झाला की शेतकरी कारखान्याला नव्हे, त्यांना फोन लावतो. नमुना सगळ्यात आधी त्यांच्या टेबलावर उघडून ठेवायला हवा होता.

यंत्राने स्वतःहून करायचे फोन कमी ठेवायला हवे होते. सुरुवातीला लाईट आली, गेली, फेज पडला, प्रत्येक वेळी ते तिन्ही घरांना उठवत होतं. लोकांनी नंबर ब्लॉक केला. आता लाईटबद्दल ज्याने मोटर चालू केली त्यालाच फोन जातो, तोही चालू मोटर बंद पडली तरच.

एक निर्णय अजून अधांतरी आहे. कोणाच्या नंबरवरून मोटर किती तास चालली, याची नोंद यंत्रात आपोआप होते. तात्यांना ती कायमची हवी आहे. आण्णांचा ठाम विरोध आहे, तासांचा हिशोब निघाला की उद्या तो वाटणीच्या दाव्यात वकिलाच्या हाती जाईल, असं त्यांचं म्हणणं. तूर्त नोंद सात दिवसांची ठेवली आहे, पाळीचं एक चक्र पुरं होईल एवढी, आणि मग ती पुसली जाते. वहिनींनी महिन्याची मागितली आहे, वीजबिल वाटून घ्यायला सोपं जाईल म्हणून. तिन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय ही मुदत बदलायची नाही, एवढंच कारखान्याने कळवलंय.